शहरांतील ऊन, थंडी आणि अकाल मृत्यु

वैशाखांत ऊन तापूं लागलें, कीं उष्माघाताच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागतात आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर त्या बंद होतात. यावरून सामान्यतः असा समज होतो, कीं हवेमुळें माणूस दगावतो तो केवळ उन्हाच्या कडाक्यांत व भर रस्त्यावर. छपराखालीं बसलेल्यास कांहीं भय नाहीं. हा समज अपुरा आहे. ऊन व थंडी यांमुळें शहरांत जे अकालीं मृत्यु होतात, त्यांतील पुष्कळसे घराच्या आंत, गाजावाजा न होतां घडतात. आणि त्यांतहि थंडीचा वाटा उन्हाहून मोठा असतो.

हे मृत्यु मोजावयाचे कसे, हा पहिला प्रश्न. मृत्यूच्या दाखल्यावर ‘थंडी’ हें कारण क्वचितच लिहिलेलें असतें. तेथें हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसदाह अशीं नांवें आढळतात. म्हणून संशोधक अनेक वर्षांच्या मृत्युनोंदी आणि त्या त्या दिवसांचें उष्णतामान शेजारीं शेजारीं मांडून पाहतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २०१५ सालीं अशी एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींत १३ देशांतील ३८४ ठिकाणचे ७ कोटी ४० लक्षांहून अधिक मृत्यु विचारांत घेतले होते. दर शंभर मृत्यूंपैकीं जवळजवळ आठांचा संबंध प्रतिकूल उष्णतामानाशीं आढळला. त्यांपैकीं सातांहून अधिक थंडीचे. उन्हाच्या वांट्यास अर्धा मृत्युहि पुरता येत नव्हता. विशेष हें, कीं कडाक्याचे दिवस, मग ते उन्हाचे असोत वा थंडीचे, शंभरांत एकाहूनहि कमी मृत्यूंस कारण झाले. बाकीचे सर्व बेताच्या हवेंतले. त्या तेरा देशांत भारत नव्हता. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतांतील एका पाहणींतहि बेताच्या थंडीचाच वाटा मोठा दिसून आला.

असें कां व्हावें? थंडी लागली, कीं शरीर आपली ऊब राखण्यासाठीं कातडीखालील रक्तवाहिन्या आकुंचित करतें. रक्त आंतल्या बाजूस लोटलें जातें, रक्तदाब वाढतो. जादा पाणी लघवीवाटें निघून गेल्यामुळें रक्त दाट होतें व तें गोठण्याची प्रवृत्ति वाढते. तरुण देहास याचें कांहींच वाटत नाहीं; पण ज्यांच्या रक्तवाहिन्या आधींच अरुंद झाल्या आहेत, त्यांच्या हृदयांत किंवा मेंदूंत गुठळी अडकण्यास एवढें पुरतें. शिवाय थंडीच्या दिवसांत माणसें दारेंखिडक्या लावून दाटीनें बसतात, आणि श्वसनाचे रोग फैलावतात. म्हणून थंडीचा परिणाम पुढील दोनतीन आठवडे रेंगाळतो, आणि कारण व कार्य यांची सांगड कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

उन्हाची रीत निराळी. तें एकदोन दिवसांतच घाव घालतें. उन्हाळ्यांत शरीराचा मुख्य आधार घाम. माठांतून पाझरलेलें पाणी वाळतांना आंतलें पाणी जसें गार होतें, तसाच घाम वाळतांना देह थंड होतो. परंतु हवा दमट असली म्हणजे माठाचें पाणी गार होत नाहीं, आणि घामहि अंगावरून नुसता निथळतो. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानांत भरलेल्या समारंभानंतर १४ माणसें दगावल्याचें जाहीर झालें. त्या दिवशीं पारा ४० अंश सेल्सिअसच्या आंतच होता. नागपूरकर त्यास कडक उन्हाळा म्हणणार नाहींत. वृद्धांची अडचण आणखी वेगळी. त्यांना तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि थकलेल्या हृदयास कातडीकडे अधिक रक्त पाठवावें लागतें. त्यांत शहरांतील दगड, सिमेंट व डांबर दिवसभर शोषलेली उष्णता रात्रीं बाहेर टाकतात. त्यामुळें देहास विसावा म्हणून मिळत नाहीं.

तथापि सारा दोष पाऱ्याचा नव्हे. युरोपांतील कांहीं प्रदेशांची पाहणी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें दिसलें, कीं १८ अंशांच्या खालीं पारा एक अंश उतरला, कीं अथेन्समध्यें मृत्यु सुमारें दोन टक्क्यांनीं वाढत. दक्षिण फिनलंडमध्यें ही वाढ पाव टक्क्याच्या आसपासच होती. जेथें थंडी सौम्य, तेथें तिची तयारीहि सैल. खोल्या कमी ऊबदार, अंगावर कपडे कमी. सैबेरियांतील याकुत्स्क शहरीं तर पारा शून्याखालीं ४८ अंशांपर्यंत उतरला, तरी ५० ते ७४ वर्षांच्या माणसांत मृत्यूंची वाढ आढळली नाहीं. घरें ऊबदार, कपडे केसाळ कातड्याचे, आणि निष्कारण बाहेर पडणें नाहीं, हें त्याचें कारण.

उन्हाच्या बाबतींत असाच धडा अमेरिकेंतील शिकागो शहरानें दिला. जुलै १९९५ मध्यें तेथें उष्णतेची लाट येऊन नेहमींपेक्षां ७३९ माणसें अधिक मरण पावलीं. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानें तेथील दोन शेजारच्या वस्त्यांची तुलना केली. दोन्हींत गरिबी होती, एकाकी वृद्धहि होते. तरी नॉर्थ लॉनडेलमध्यें मृत्यूंचें प्रमाण साउथ लॉनडेलच्या दसपट निघालें. पहिल्या वस्तींत रस्ते ओसाड, दुकानें बंद. भयानें वृद्ध दारेंखिडक्या लावून कोंडून राहिले. दुसरींत रस्ते गजबजलेले, दुकानें उघडीं. तेथील वृद्ध घराबाहेर पडत, चार माणसांच्या दृष्टीस पडत. ऊन दोन्हीकडे सारखेंच होतें.

येथें कोणी म्हणेल, कीं जे आज गेले ते चार दिवसांनीं जाणारच होते. मग त्यांस अकाल मृत्यु कां म्हणावें? हें खरें असतें, तर लाटेनंतर मृत्यूंची संख्या तेवढीच घटली असती. ऑगस्ट २००३ मध्यें फ्रान्समध्यें तीन आठवड्यांत सुमारें १५,००० मृत्यु नेहमींहून अधिक झाले. त्यानंतरच्या महिन्यांत तेवढी घट मुळींच आढळली नाहीं. म्हणजे त्यांपैकीं पुष्कळांचें आयुष्य अद्याप शिल्लक होतें.

शिल्लक असलेलें आयुष्य राखतां येतें, हें आपल्या देशांतहि दिसून आलें आहे. मे २०१० मध्यें अहमदाबादेस पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यांत १,३४४ मृत्यु अधिक झाले. २०१३ सालीं तेथील महानगरपालिकेनें उन्हाळ्याची योजना आंखली. लाट येण्यापूर्वीं इशारा द्यावयाचा, डॉक्टर व परिचारिका यांस शिकवावयाचें, पिण्याच्या पाण्याची सोय करावयाची, असें तिचें स्वरूप. तिच्यामुळें वर्षाकांठीं हजारांहून अधिक मृत्यु टळल्याचा अंदाज २०१८ सालीं प्रसिद्ध झाला.

बेताच्या थंडीची मात्र अशी दवंडी पिटली जात नाहीं. तिचा बंदोबस्त घरानेंच करावयास हवा. पौषांतल्या पहाटे गार फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या आजोबांस पायमोजे व बंडी, स्नानास कढत पाणी, आणि चैत्र-वैशाखांत तहान लागो वा न लागो, घटकेघटकेला पाण्याचा पेला, एवढ्यानें फार मोठें काम होतें. आणि शेजारच्या बिऱ्हाडांत एखादी एकटी म्हातारी राहत असेल, तर दिवसांतून एकदां तिचें दार ठोठावावें. पारा खालींवर होणें कोणाच्या हातीं नाहीं. तें दार ठोठावणें प्रत्येकाच्या हातीं आहे.