रोमन अंक कसे वाचावेत व लिहावेत?

मुंबईतील गेटवे ऑफ इंडियावरील इंग्रजी कोरीव लेखाच्या अखेरीस 'एम-सी-एम-एक्स-आय' ही अक्षरे आहेत. राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या भारतातील आगमनाचे ते वर्ष होय.

रोमन पद्धतीत सात अक्षरे अंकांचे काम करतात. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. शून्यासाठी चिन्ह नाही.

संख्या डावीकडून वाचावी. मोठ्या अंकानंतर लहान किंवा समान अंक आल्यास बेरीज करावी. मोठ्या अंकाआधी लहान अंक आल्यास तो त्यातून वजा करावा. त्यानुसार एम १०००, सी-एम ९०० आणि एक्स-आय ११, म्हणजेच १९११. शेवटची दोन अक्षरे उलटवल्यास मात्र वर्ष १९०९ होईल.

लिहिताना आय, एक्स, सी व एम ही अक्षरे सलग तीनपेक्षा अधिक वेळा येत नाहीत. व्ही, एल व डी यांची पुनरावृत्ती होत नाही. आय केवळ व्ही व एक्समधून, एक्स केवळ एल व सीमधून, तर सी केवळ डी व एममधून वजा होतो. म्हणून ४९ ही संख्या 'आय-एल' नव्हे, तर 'एक्स-एल-आय-एक्स' अशी लिहितात. अनेक घड्याळांवर ४ साठी चार आय आढळतात, तो या नियमाचा अपवाद होय.

गेटवेचे बांधकाम १९२४ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे लेखातील वर्ष अचूक वाचले, तरी ते वास्तूच्या उभारणीचे समजू नये.