गवताला धरतं कोण?

कोडोलीच्या उत्तरेला वारणाकाठची सपाट, काळी जमीन. दक्षिणेला जोतिबाचा डोंगर आणि जरा पश्चिमेकडे पन्हाळा. काठाकडून डोंगराकडे निघालं की उसाचे फड मागे पडत जातात आणि जमीन मुरमाड, उंचसखल होऊ लागते. पाऊस लागला की गवत मात्र दोन्हीकडे सारखंच माजतं. शाळेचं मैदान असो, मंगल कार्यालयाचं लॉन असो की माळावरच्या फार्महाउसचं आवार, श्रावणापर्यंत प्रश्न उभा राहतोच: एवढी मोठी आणि खाचखळग्यांची हिरवळ कापायला यंत्र कोणतं घ्यावं?

दुकानात याचं उत्तर सीसी आणि हॉर्सपॉवरमध्ये मिळतं. त्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. पातं फिरतं तेव्हा गवताला धरतं कोण?

गवताची काडी हलकी आणि लवचीक. तिला ढकललं की ती वाकते, तुटत नाही. म्हणजे धार कितीही असली तरी समोरून कुणीतरी काडी रोखून धरायला हवी. विळ्यानं कापताना हे काम डावी मूठ करते. मुठीत बुडखा आवळला जातो आणि विळ्याचे बारीक दाते तो करवतीसारखे चिरत जातात. गाईला वरचे पुढचे दात नसतातच. ती जिभेनं झुबका गुंडाळते आणि हिसडा देऊन तोडते. मेंढीही वरच्या बाजूनं बोळकी, पण तिथल्या टणक हिरडीवर खालचे दात दाबून ती गवत अगदी जमिनीलगत खुडते. धनगराची मेंढरं चरून गेलेलं रान म्हणूनच इतकं साफ दिसतं. कडबा कुट्टीच्या यंत्रात चाकावरचं पातं तोंडाच्या लोखंडी कडेवरून घासत जातं. इथे ती कडच आधार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवातीला जी यंत्रं बनवली, त्यांत वैरण कापायचं यंत्र होतं. १९१० साली उभी राहिलेली त्यांची किर्लोस्करवाडी वारणेपलीकडच्या सांगली जिल्ह्यातच आहे.

हिरवळ कापायच्या पहिल्या यंत्राचा जन्मही अशाच आधारातून झाला. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उठलेले तंतू भादरायला तिथे पात्यांचा फिरता रूळ वापरत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटलं, कापडाचे तंतू कापतात तर गवताचे का नाही? १८३० साली त्यानं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. फिरता रूळ गवताला खालच्या स्थिर पात्यावर आणून दाबतो आणि दोन्हींमध्ये कात्रीसारखा काप बसतो. क्रिकेटच्या खेळपट्ट्या आणि गोल्फची मैदानं आजही याच पद्धतीनं कापतात. इतका स्वच्छ काप दुसऱ्या कुठल्याच यंत्राला जमत नाही. मात्र स्थिर पातं जमिनीच्या अगदी जवळून सरकत असल्यामुळे त्याला सपाट जमीन लागते. गुडघाभर गवत तर रुळाखाली आडवं होऊन निसटतं, आणि वाटेत एक दगड आला तरी पात्याला खाच पडते. कोडोलीच्या माळावर हे यंत्र दुसऱ्याच दिवशी धार लावायला न्यावं लागेल.

मग आडवं फिरणारं पातं आलं आणि खरी जादू इथे घडली. या यंत्रात गवताला धरणारं कुणीच नाही. ५० सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या वेगानं धावतं. मिलिमीटरभर जाडीची काडी ओलांडायला त्याला सेकंदाचा जवळपास ८० हजारावा हिस्सा पुरतो. तेवढ्या वेळात काडीला वाकायला सवडच मिळत नाही. तिचं स्वतःचं जडत्वच तिला जागच्या जागी धरून ठेवतं. शिवाय पात्याची टोकं किंचित वर वळवलेली असतात. ती पंख्यासारखी हवा वर खेचतात आणि पडलेलं गवत कापण्याआधी उभं करतात.

आधार असा गवतातच सापडल्यावर यंत्र जमिनीपासून थोडं सुटलं, पण पुरतं नाही. चाकं अजून जमिनीवरच आहेत, आणि उंचसखल जागेचं सगळं गणित त्या चाकांमधल्या अंतरात दडलेलं आहे. समजा एक उंचवटा २ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीसारखा आहे. ५० सेंटिमीटर रुंद यंत्राची चाकं त्याच्या दोन अंगांना टेकली, तर मधली माती चाकांच्या पातळीपेक्षा साधारण दीड सेंटिमीटर वर येते. यंत्र १ मीटर रुंद असेल, तर तीच माती ६ सेंटिमीटरहून जास्त वर येते. रुंदी दुप्पट झाली की उंचवट्याची घुसखोरी चौपट होते! पातं ५ सेंटिमीटरवर लावलेलं असेल, तर लहान यंत्र गवत कापून पुढे जाईल आणि मोठं यंत्र थेट माती भादरेल. मोठी जागा म्हणजे रुंद यंत्र, हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. म्हणूनच मोठ्या मैदानांवर एकच रुंद पातं न लावता ट्रॅक्टरमागे लहान लहान रूळ सुटे जोडतात. प्रत्येक जण आपापल्या खळग्यात उतरतो, आपापल्या उंचवट्यावर चढतो.

चाकांचीही अडचण दूर करायची तर पातं माणसाच्या खांद्याला लटकवावं लागतं. तोच आपला ग्रास कटर. त्यातल्या नायलॉनच्या दोरीची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली गाड्या धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून सुचली. नुसती दोरी हातात लोंबते. वेगानं फिरली की ताठ होते आणि गवत कापते. दगडावर आपटली तर तिचंच टोक झिजतं. बांध, झाडांचे बुंधे, दगडी कडा यांच्यासाठी तिच्याइतकं सोयीचं काही नाही. फक्त ती खडे उडवते, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि १५ मीटरच्या आत दुसरं कुणी नको.

आता उताराकडे वळू. एक मीटरची फळी घ्या, तिचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि लेव्हलची बाटली ठेवून फळी आडवी धरा. दुसरं टोक जमिनीपासून २७ सेंटिमीटर वर राहिलं, तर उतार १५ अंशांचा आहे. चाकांच्या यंत्रांनी साधारण इथेच थांबावं. त्याच्या आतही नियम उलटसुलट आहेत: ढकलायचं यंत्र उताराला आडवं न्यायचं, कारण पाय घसरला तर ते अंगावर येता कामा नये, बसून चालवायचं यंत्र मात्र सरळ वर-खाली न्यायचं, कारण आडवं नेलं तर ते कुशीवर उलटतं. इंजिनालाही उतार कळतो. फोर-स्ट्रोकमध्ये तेल तळाशी साठतं आणि यंत्र फार कललं की एका बाजूला जाऊन बसतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असल्यानं ते कसंही कललं तरी चालतं. हातात धरायची काही लहान फोर-स्ट्रोक इंजिनंही आता कलण्याचा विचार करून बनवतात.

या सगळ्या हल्ल्यांतून गवत वाचतं कसं? त्याचं वाढीचं ठिकाण शेंड्याला नसून बुडाशी, जमिनीलगत असतं. शेंडा गेला तरी पातं खालून वर सरकत राहतं. हरळीची खोडं तर जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धावतात. ऊसही गवताच्याच कुळातला. तोडणीनंतर बुडख्यातले डोळे फुटून खोडवा उभा राहतो, तो याच चिवटपणावर. शिवाय गवत आपल्या पानांत वाळूच्याच जातीचे सिलिकाचे कण साठवतं. उसाच्या पानानं हात चिरतो आणि गवतानं पात्याची धार जाते, ती त्यामुळेच. बोथट पातं काडी कापत नाही, फाडतं. मग हिरवळीचे शेंडे दोन दिवसांत पिवळे पडतात.

या चिवटपणालाही मर्यादा आहे. एका खेपेला उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर मुळं उपाशी पडतात. पावसाळ्यात गवत झपाट्यानं वाढतं आणि उघडीप थोडाच वेळ मिळते. त्यामुळे ओल्या जमिनीत न रुतणारं, आठवड्याला सहज बाहेर काढता येईल असं हलकं यंत्र अवजड यंत्रापेक्षा जास्त काम उरकतं.

म्हणून खरेदीआधी फळी घेऊन रान फिरावं आणि जागेचे तीन भाग करावेत. १५ अंशांच्या आतल्या उंचसखल भागाला ४५ ते ५० सेंटिमीटरचं, मागची चाकं मोठी असलेलं, स्वतः चालणारं यंत्र. कडा आणि दगडांना ग्रास कटर. बसून चालवायचं यंत्र घ्यावंच, तर सपाट तुकडा एकराच्या पुढे असेल तरच. उरलेला तीव्र उतार लॉन करायच्या नादी न लागता वैरणीला सोडावा. नायलॉनच्या दोरीनं गवताचा भुगा होतो आणि मातीही मिसळते. विळ्यानं कापलेल्या गवताची स्वच्छ पेंढी बांधून गोठ्यात नेता येते. त्या उतारावर मुठीइतका भरवशाचा आधार अजून कुठल्या यंत्राकडे नाही.