टोकियोच्या दुकानातले पुरण

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे टोकियोला जाणे झाले. आम्ही दोघे नवरा-बायको, सारी हयात कारखाना आणि चाळीतली खोली यांत गेलेली. विमानात बसण्याचीही ही पहिलीच वेळ. लेकीच्या घराजवळ मोठा मॉल आहे. तिथल्या जुन्या पद्धतीच्या मिठाईच्या दुकानात एक दिवस तिने आम्हाला नेले.

काचेआड मांडलेली मिठाई पाहून आधी वाटले, ही खेळणी तर नव्हेत? कुठे फूल, कुठे पान, कुठे चंद्र. जपानी लोक तिला ‘वागाशी’ म्हणतात. तीत बहुधा तूप नसते, खवा नसतो, दूधही नसते. अझुकी नावाचे बारीक लाल कडधान्य, तांदूळ आणि साखर, एवढ्यावर बरेचसे प्रकार होतात. गरिबाच्या घरातले हे जिन्नस, पण हाताची कारागिरी केवढी!

लेकीने चार प्रकार घेतले. ‘दाइफुकु’ म्हणजे चिकट तांदळाच्या मऊ, पांढऱ्या पारीत लाल पुरण. ‘दोरायाकी’ म्हणजे दोन जाडसर, गोड धिरडी आणि मध्ये तेच पुरण. ‘योकान’ ही त्याच पुरणाची समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगरने घट्ट केलेली वडी. योकान या शब्दाचा मूळ अर्थ बोकड-मेंढ्याचा रस्सा! चीनमधून हा पदार्थ आला, पण झेन भिक्खू मांस खात नसत. म्हणून मांसाच्या जागी कडधान्य आले, असे सांगतात.

चौथा प्रकार ‘ओहागी’. पुरणपोळीत पुरण आत असते, इथे उलट. भाताचा गोळा आत आणि पुरण बाहेर. आम्ही गेलो तेव्हा ‘हिगान’चा आठवडा होता. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समसमान होतात, त्या सुमाराचे हे सात दिवस. हिगान म्हणजे पैलतीर. दुःखाच्या ऐलतीरावरून निर्वाणाच्या पैलतीरावर जाणे, हा बौद्ध अर्थ त्यात आहे. या दिवसांत लोक आपल्या माणसांच्या कबरी झाडून-पुसून फुले, उदबत्ती आणि ओहागी ठेवतात.

पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे तर पुरणच! फक्त वेलदोडा नाही, जायफळ नाही. साखरही बेताची. कडधान्य उकळायचे, पहिले तुरट पाणी ओतून द्यायचे, मंद आचेवर मऊ शिजवायचे, साखर आणि चिमूटभर मीठ घालून आटवायचे. सोबत बिनसाखरेचा हिरवा चहा.

रात्री लेकीने एक चित्रपट दाखवला. नाव ‘आन’, म्हणजे पुरणच. दुरियान सुकेगावा यांच्या 2013च्या कादंबरीवर नाओमी कावासे यांनी तो 2015मध्ये काढला. दोरायाकीच्या छोट्या दुकानात एक म्हातारी काम मागायला येते. तिची बोटे वाकडी, पण पुरण असे करते की दुकानापुढे रांग लागते. मग कुजबुज सुरू होते, हिला कुष्ठरोग झाला होता. रांग संपते. म्हातारी मुकाट्याने निघून जाते.

ही निव्वळ गोष्ट नाही. औषधाने रोग बरा होऊ लागला तरी जपानमध्ये कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याचा कायदा 1996पर्यंत होता. कित्येकांचे घर सुटले, नाव बदलले. 2001मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले, तेव्हा कुठे भरपाई मिळाली.

आम्हांला आमच्या आया आठवल्या. दोघीही गावात मजुरीला जात. हरभरा उपटणे, झोडपणे, पाखडणे सारे त्यांच्या हातचे. कोरडा दाणा चालायचा. त्याच डाळीत पाणी पडले, की त्यांच्या हाताचा विटाळ व्हायचा. सणाचे पुरण त्यांच्या पदरात वरून टाकलेले.

पण खरी लाज वेगळीच. आमच्या चाळीत एक गृहस्थ आहेत. कुष्ठरोगातून बरे होऊन त्यांना वर्षे झाली. ते घरी आले की चहा द्यायचो, पण कप वेगळा. फळीच्या कडेला ठेवलेला. गावात आमच्या बापाचा कप असाच वेगळा होता. ते आम्ही पोरांना रागाने सांगत आलो, आणि घरातला हा कप मात्र आमच्या नजरेस कधी आला नाही.

ओहागी टिकत नाही, योकान बंद पाकिटात महिनोन्‌महिने टिकते. येताना दोन पाकिटे आणली. पहिली वडी कापली ती त्या गृहस्थांना घरी बोलावून. एकाच ताटलीतून सगळ्यांनी घेतली. चहा आमच्याच कपांतला. ते हसून म्हणाले, “पुरणासारखं लागतंय की!”

वाचकहो, अझुकी मिळाली नाही तर लाल चवळीचे असे पुरण घरी करून पाहा. आणि करण्याआधी फळीवर नजर टाका, कुणाचा कप वेगळा तर नाही ना?