सामुदायिक कला आणि सामाजिक न्याय : सिद्दी समाज व कॅरिबियन बेटे

प्रस्तावना

'सिद्दी' म्हटले की मराठी विद्यार्थ्याला जंजिऱ्याचा किल्ला आठवतो. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हेही आपण इतिहासात वाचतो. मात्र भारतात आलेले सर्वच आफ्रिकी लोक सत्तेपर्यंत पोचले नाहीत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दींचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते. त्यांपैकी कित्येक जण पळून घाटावरच्या जंगलात स्थिरावले. त्यांच्या कलेचा न्यायाशी काय संबंध आहे, हे या पाठात पाहू.

कॅरिबियन अनुभव

कॅरिबियन बेटांवर आफ्रिकी गुलामांना उसाच्या मळ्यांत राबवले गेले. १८३८ मध्ये ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी पूर्णपणे संपली, तरी त्यांच्या वाद्यांवरचा संशय गेला नाही. त्रिनिदादमध्ये १८८१ साली कार्निव्हलच्या मिरवणुकीवरून पोलिसांशी चकमक झाली आणि त्यानंतर ढोल वाजवण्यावर निर्बंध आले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३०-४० च्या दशकांत टाकाऊ डबे व तेलाची पिंपे ठोकून 'स्टीलपॅन' हे वाद्य घडवले. लंडनमध्ये १९५८ च्या वांशिक दंगलींनंतर क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी १९५९ मध्ये सभागृहात कॅरिबियन कार्निव्हल भरवला. वंशद्वेषाला दिलेले ते सार्वजनिक उत्तर होते.

सिद्दींच्या कला

१. डमाम : हा दुतोंडी ढोल आहे आणि त्याच्या तालावरच्या नाचालाही त्यावरूनच नाव मिळाले आहे. सिद्दी समाजात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. धर्माने विभागलेल्या या लोकांना एकत्र बांधणाऱ्या गोष्टींत डमाम येतो.

२. फुगडी : सिद्दी स्त्रिया फुगडी घालतात. घरातली बोली कोकणीवर आधारलेली असून तीत मराठी-कन्नड शब्द मिसळलेले आहेत.

३. कवंदी : जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी. आपल्या वाकळीची ही बहीणच. मात्र ती कडेपासून शिवायला घेऊन मध्याकडे नेतात आणि कोपऱ्यांवर 'फुल' नावाचे घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

४. रंगभूमी : हेग्गोडूच्या नीनासम् संस्थेच्या उपक्रमात १९८० च्या दशकात मंचीकेरी येथील सिद्दींनी चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचे कन्नड नाट्यरूप सादर केले. दिग्दर्शक चिदंबरराव जांबे होते. पुढे काही सिद्दी तरुण रंगभूमी व कन्नड चित्रपटांत आले.

कायदा आणि 'वेगळेपण'

२००३ मध्ये उत्तर कन्नडमधील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० च्या दुरुस्तीने बेळगावी व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचाही त्यात समावेश झाला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. शिक्षण, नोकरी व प्रतिनिधित्व यांसाठी हा दर्जा महत्त्वाचा आहे.

दर्जा ठरवताना लोकूर समितीचे (१९६५) निकष वापरले जातात : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. म्हणजे हक्क मागणाऱ्या समाजाला आपण शेजाऱ्यांहून वेगळे आहोत हे दाखवावे लागते. डमाम हा अशा वेळी ठळक पुरावा ठरतो. पण फुगडीचे काय? कवंदीचे काय? या कलांतून शेजाऱ्यांशी शतकानुशतकांचे नाते दिसते. ते नाते असतानाही सिद्दींच्या वाट्याला भूमिहीनता आणि हेटाळणी आली. अन्याय होण्यासाठी संस्कृती वेगळीच असावी लागते असे नाही. म्हणून केवळ 'आफ्रिकीपण' शोधणारी नजर सिद्दींची अर्धीच ओळख पाहते.

मंच कोणाचा?

समजा, बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागातील एका गृहसंकुलाने वार्षिक समारंभाला सिद्दी पथक बोलावले. आयोजकांनी अंगाला रंग व पानांचे पोशाख सुचवले, निवेदनात 'आफ्रिकन नृत्य' म्हटले आणि दहा मिनिटांत कार्यक्रम उरकला. टाळ्या पडल्या, पण पथक मात्र 'परदेशी' ठरून परतले. आता याच कार्यक्रमात पथकाने स्वतः पोशाख निवडला, कोकणीत आपला इतिहास सांगितला आणि मानधन आधी ठरवून घेतले, तर? ढोल तोच राहील. मात्र निर्णयाचा अधिकार कलावंतांकडे येईल. सामुदायिक कला आणि करमणूक यांतला फरक इथे आहे.

सारांश

कलेतून समाजाला ओळख मिळते, आणि ओळखीच्या आधारे हक्क मागता येतात. पण ती ओळख कशी मांडायची हे त्या समाजाने ठरवले, तरच कला न्यायाचे साधन बनते.

विचारार्थ प्रश्न

१. स्टीलपॅन आणि कवंदी या दोन्हींत टाकाऊ वस्तूंचा वापर आहे. त्यामागच्या परिस्थितीची तुलना करा.

२. 'वेगळी संस्कृती' हा निकष सिद्दींना कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अपुरा ठरतो?

३. तुमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एखाद्या समाजाची कला सादर होत असेल, तर पोशाख, निवेदन व मानधन कोण ठरवते, ते नोंदवा.