लॉर्ना: गोमंतकाचा हरपलेला आणि सापडलेला आवाज

पेडणे आणि डिचोली हे महाल भजनाचे व दशावताराचे. पोर्तुगीज अमलाखाली ते आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. बार्देश, तिसवाडी व साष्टी येथे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चच्या छायेत धर्मग्रामशाळा रुजल्या होत्या. लोक ज्यास 'मेस्त' म्हणत तो शिक्षक तेथे मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन व गायन शिकवी. उपासनेसाठी दिलेली ही विद्या पुढे पोटासाठी मुंबईस गेली. तेथील हॉटेलांत जॅझ वाजविणारे आणि हिंदी चित्रपटांना साथ करणारे कितीतरी वादक गोमंतकीय ख्रिस्ती होते. १९२८ साली जन्मलेले ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी हे त्यांतलेच.

लॉर्ना कोर्देरो यांचा जन्म १९४६ चा. कोवळ्या वयातच त्या मुंबईत इंग्रजी गाणी गाऊ लागल्या. पेरींनी त्यांचा आवाज हेरला, आणि या जोडीने एक नवलच केले. जॅझ व लॅटिन अमेरिकेचे ठेके कोंकणी शब्दांना असे जडविले की परकेपणा उरलाच नाही! 'पिसो', 'लिस्बोआ', 'नाचुंया कुंपासार' ही गाणी घरोघर पोहोचली. 'बेबदो' म्हणजे दारुडा. त्या गाण्यात लॉर्नांचा आवाज असा कडाडतो की आपल्या गावातील एखाद्या गृहस्थाने तो ऐकताना मान खाली घालावी.

आणि मग तो आवाज थांबला. पेरी आणि त्या दुरावल्या. का, याविषयी लोक पुष्कळ बोलले, आपण त्या चर्चेत शिरू नये. वीस वर्षांहून अधिक काळ त्या रंगमंचावर आल्या नाहीत. ऐन भराचा गळा, आणि गाणे नाही. लग्नमांडवांत त्यांच्या तबकड्यांवर आपण नाचत राहिलो. ती बाई कोठे आहे, कशी आहे, हे कितीजणांनी विचारले?

विचारले ते संगीतकार रॉनी मोन्सोरात यांनी. १९९५ साली 'हॅलो लॉर्ना' घेऊन त्या परतल्या. तोवर आवाज अधिक जड, अधिक खोल झाला होता. मला तर तो पूर्वीपेक्षाही खरा वाटतो.

पेरी २००२ साली निवर्तले. बार्द्रॉय बार्रेतो यांनी 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट काढला. त्यास २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पेरींची वीसएक गाणी त्यात पुन्हा गुंफली आहेत.