जुनी मोटार आणि गच्चीचा कठडा

कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. सहा दिवस घाणा चालवावा आणि शब्बाथच्या दिवशी तो बंद ठेवावा, ही त्यांची ओळख होती. अशा तेल्यांच्या वंशजांनी वंगणाच्या बाबतीत हयगय करावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. ती आमच्या हातून घडली, आणि तिचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या घरी 1962 सालची मॉरिस मायनर मोटार आहे. वडील मुंबईहून लंडनला आल्यावर काही वर्षांनी त्यांनी ती जुनीच विकत घेतली. पुढे ती वारशाने आमच्याकडे आली. गेल्या वर्षी पेसाहच्या खरेदीसाठी निघताना आम्ही ती अंगणातून मागे घेत होतो. सुकाणूचे चाक पूर्ण वळवलेले होते. एवढ्यात मोठा आवाज झाला, गाडीचा डावा कोपरा खाली बसला आणि पुढचे चाक मडगार्डखाली वेडेवाकडे अडकले. मागे आमची आठ वर्षांची भाची बसली होती. वेग माणसाच्या चालीइतकाच असल्याने कोणास खरचटलेही नाही. परंतु आदल्याच रविवारी हीच गाडी आम्ही ताशी 50 मैलांनी नेली होती. त्या विचाराने रात्रभर झोप आली नाही.

ही मोटार सामान्य नव्हे. स्मर्ना येथे जन्मलेल्या ॲलेक इसिगोनिस यांनी तिची रचना केली. 1948 साली लंडनच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली आणि ऑक्सफर्डजवळच्या कौली येथे तिचे उत्पादन होई. डिसेंबर 1960 मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. हिंदुस्थानात तिचीच आवृत्ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने निघाली. पुढे मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबॅसडर ही तर तिची भावकीच. मुंबई-कलकत्त्याच्या ज्या वाचकांनी अँबॅसडरमधून प्रवास केला असेल, त्यांनी याच जातीच्या सस्पेन्शनचे धक्के खाल्ले आहेत.

या गाडीच्या पुढील भागास गुंडाळीची स्प्रिंग नाही. तिच्या जागी पोलादाची एक लांब कांडी असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. तिचे पुढचे टोक खालच्या दांड्यात बसते व मागचे टोक आसनाखालच्या आडव्या तुळईत घट्ट असते. चाक वर उचलले गेले की ही कांडी पिळली जाते, आणि पीळ उलगडताना चाकास पुन्हा खाली ढकलते. ओले कापड पिळून सोडावे, तसाच हा प्रकार आहे.

चाक ज्या उभ्या खुंटावर वळते, तो किंगपिन. त्याच्या दोन्ही टोकांस आटे पाडलेले असतात, आणि वर व खाली ट्रनियन नावाचा एकेक ठोकळा त्या आट्यांवर बसतो. म्हणजे प्रत्येक वळणावर स्क्रू थोडासा फिरतो. गाडीचा भार या आट्यांतून जातो. त्यांत ग्रीस असेल तर ते वर्षानुवर्षे टिकतात. ग्रीस नसेल तर पाणी व धूळ शिरून आटे झिजतात आणि एके दिवशी खुंट ठोकळ्यातून निसटतो. हे बहुधा चाक वळवलेले असतानाच घडते. नंतरच्या काळातील गाड्यांच्या पुस्तिकेत दर 3,000 मैलांस ग्रीस भरण्याची आज्ञा आहे. वडील ती निष्ठेने पाळीत. आम्ही मात्र गाडीचा रंग घासून चकचकीत ठेवला आणि ग्रीसची बंदूक फळीवर गंजू दिली.

दुरुस्तीचे काम आम्ही एका अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखाली केले. प्रथम मागील चाकांस लाकडी पाचरी लावल्या आणि गाडीचे धड भक्कम स्टँडवर ठेवले. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मग खालच्या दांड्याखाली जॅक लावून त्याचा भार पेलला, वरचा जोड सोडला आणि जॅक अगदी सावकाश उतरवला. टॉर्शन बारचा पीळ तेव्हाच उलगडतो. घाईने सोडल्यास तो दांडा हातपाय मोडू शकतो. कांडीच्या दात्यांवर रंगाने खुणा केल्या, छिन्नीने नव्हे. कारण तिच्या अंगावरील एक ओरखडाही पुढे तडा जाण्यास पुरेसा होतो. डावी कांडी डावीकडेच राहावी, हाही नियम आहे.

खुंट हाती आला तेव्हा खालचे आटे जवळजवळ सपाट झालेले दिसले. आम्ही लागलीच उजवी बाजूही उघडली. तीही फारशी निराळी नव्हती. दोन्हीकडे नवे किंगपिन, नवे ट्रनियन व नवे रबरी बुश बसविले. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी केल्यावरच. चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. अखेरीस ब्रेकमधील हवा काढली, चाकांची सरळ रेषा तपासून घेतली आणि चारही निपलांत बाहेर डोकावेपर्यंत ग्रीस भरले.

आता मुख्य मुद्दा. या देशात 20 मे 2018 पासून 40 वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील बहुतेक मोटारींस वार्षिक तपासणीतून सूट आहे. आम्ही त्या सुटीचा अर्थ ‘काळजीतून सुटका’ असा घेतला. वास्तविक कायदा जबाबदारी काढून घेत नाही, तो ती मालकाच्या शिरावर ठेवतो. धोकादायक स्थितीतील गाडी रस्त्यावर आणणाऱ्यास 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाची भीती ही लहान गोष्ट आहे. दवारीम म्हणजे अनुवाद या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात आज्ञा आहे की नवे घर बांधणाऱ्याने गच्चीस कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. तेथे सरकारी तपासनीस येणार आहे असे कोठेही म्हटलेले नाही. कठडा घरधन्यानेच घालावयाचा आहे. मोटारीचा कठडा म्हणजे तिचे आटे, तिचे ब्रेक आणि तिचे वंगण.

तरी ज्या कुटुंबांत अशी वडिलार्जित गाडी असेल, त्यांस आमची नम्र विनंती आहे. सूट असली तरी वर्षातून एकदा स्वखुशीने तिची तपासणी करवून घ्यावी. पुढचे चाक उचलवून पहारीने हलवून पाहण्यास सांगावे. खुंट ठोकळ्यात वरखाली सैल हलला, तर गाडी त्याच दिवशी उभी करावी. वडिलांच्या वस्तूचा मान तिच्या चकाकीत नाही, तर ते तिच्यासाठी जे करीत होते ते चालू ठेवण्यात आहे.

ग्रीसची बंदूक आता आमच्या दाराशी टांगलेली असते. भाची पुन्हा गाडीत बसते. पण बसण्यापूर्वी विचारते, “तेल घातलं का?” तेल्याच्या घरातील मुलीने हा प्रश्न विचारावा, यात आम्हास समाधान आहे.