स्थूलत्वाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढू नये म्हणून घ्यावयाची दक्षता

स्थूलत्व कमी करण्यासाठी पोटावर करावयाच्या शस्त्रक्रियेविषयी आता खेडोपाडीही बोलले जाते. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी वाचकांत तिची बरीच चर्चा झाली होती. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर या परिसरातील रुग्णाला त्यासाठी बहुधा हैदराबाद, सोलापूर, पुणे अथवा मुंबई गाठावी लागते. शस्त्रक्रिया होते, वर्षभरात वजन झपाट्याने उतरते, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, गुडघे हलके होतात. घरात आनंद होतो आणि आता काम संपले, असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः खरी दक्षता येथूनच सुरू होते. त्याविषयी थोडी माहिती भाविक वाचकांसमोर ठेवीत आहोत.

शस्त्रक्रियेने काय साधते

आज आपल्याकडे मुख्यत्वे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व उरलेले जठर केळ्यासारख्या अरुंद नळीचे होते. यास ‘स्लीव्ह’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. यास ‘बायपास’ म्हणतात. दोन्हींमुळे थोडक्या अन्नाने पोट भरते. शिवाय जठराच्या वरच्या भागात ‘घ्रेलिन’ नावाचे भूक चेतविणारे द्रव्य तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच काढला जात असल्याने भूकही मंदावते.

तथापि जठर लहान झाले म्हणून सवयी, घरातील स्वयंपाक आणि शरीराची मूळ प्रवृत्ती बदललेली नसते.

वजन परत का वाढते

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, परंतु दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे १२० किलोची व्यक्ती प्रथम सुमारे ८२ किलोपर्यंत येते आणि पुढे सुमारे ९० किलोवर स्थिरावते, असे समजावे. यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. एक, थोडी वाढ बहुतेकांत होते व तो अपराध नव्हे. दुसरी, वाढ होऊनही मूळ वजनापेक्षा मोठी घट टिकून राहते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाणही कमी आढळले. ही सरासरी आहे. काहींचे वजन मुळीच परतत नाही, तर काहींचे बरेचसे परतते. दक्षतेचे महत्त्व या फरकात आहे.

वाढीची कारणे अनेक असतात. वजन उतरले की शरीर कमी ऊर्जेत काम भागवू लागते, त्यामुळे पूर्वी पुरेसे असणारे अन्नही अधिक ठरते. काळाने जठर किंचित सैलावते व भूक परतते. थायरॉइडचा विकार, गरोदरपण, स्टेरॉइड अथवा मानसिक आजारावरील काही औषधे, अपुरी झोप व मनस्ताप हेही कारणीभूत ठरतात.

थोडे थोडे आणि वारंवार

एका बैठकीत अधिक खाणे या रुग्णास जमत नाही, म्हणून वजन वाढण्याची वाट बहुधा निराळी असते. सकाळी साखरेचा चहा, सोबत खारी. दुपारी मुलांच्या डब्यातले उरलेले. संध्याकाळी मूठभर चिवडा. शेजारी गेल्यावर पुन्हा चहा. प्रत्येक घास लहान, पण दिवसाची बेरीज मोठी. त्यातही फरसाण, बिस्किटे, आइस्क्रीम, सरबत असे पदार्थ अरुंद जठरातून सहज सरकतात व पोट भरल्याची जाणीवच देत नाहीत. उलट ज्वारीची भाकरी, उसळ, घट्ट वरण सावकाश चावून खावे लागते व ते पोटात टिकते.

गाणगापूर क्षेत्री मधुकरीची प्रथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेथेही घरोघरचे थोडे थोडेच अन्न असते, परंतु घरे पाच, वेळ ठरलेली आणि जे मिळेल ते एकदाच घ्यावयाचे. मर्यादा असलेले थोडे आणि मर्यादा नसलेले थोडे यांत जो भेद आहे, तोच या रुग्णाने ओळखावयाचा आहे. दिवसातून किती वेळा खावयाचे हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे व त्यामधल्या वेळेत तोंडात काही टाकू नये.

आपल्या भागातील अन्न यास अनुकूल आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती डाळ रोजच्या ताटात असतेच. या रुग्णास दिवसाकाठी साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणून ताटातील पहिला घास डाळ, उसळ, पनीर, दही, अंडे यांचा असावा, मग भाजी व शेवटी भाकरी किंवा भात. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे.

उपवास, प्रसाद व सणवार

गुरुवार अथवा एकादशीचा उपवास करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाणे, तूप व बटाटा मिळाल्यावर उपवासाच्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा पोटात जाते व प्रथिने मात्र कमी पडतात. ताक, दही, दूध, थोडी फळे यांवर उपवास करावा. निर्जळी उपवास या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये.

प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो. शिरा वा हुग्गीचा द्रोण संपविलाच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. बायपास झालेल्यांस गोड पदार्थ एकदम खाल्ल्यास धडधड, घाम, पोटात कळ व चक्कर येऊ शकते. वेळ अमावास्येला शेतात बसून कडधान्यांची भज्जी व आंबिल अवश्य घ्यावी; बाजरीचे उंडे आणि होळिगे यांचे प्रमाण मात्र ठरवून घ्यावे.

नित्याची नोंद

आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत लिहावे. सर्वांत कमी झालेल्या वजनावर दोनतीन किलो चढून ते महिनाभर उतरत नसेल तर डॉक्टरांना कळवावे. दहा किलो होण्याची वाट पाहू नये. रोज चालावे व शक्य तितका स्नायूंचा व्यायाम करावा, कारण स्नायू टिकले तरच ऊर्जेचा खर्च टिकतो.

जीवनसत्त्व ब१२, ड, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. वजन परतू नये म्हणून काहीजण उपासमार करतात. ते घातक आहे. वारंवार उलट्या, पायांस मुंग्या, तीव्र पोटदुखी असल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. बायपासनंतर त्यांनी व्रण होण्याचा धोका असतो. तंबाखू व मद्य वर्ज्य समजावे.

घरच्या माणसांचे कर्तव्य

बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर आहे. भाडे, एक दिवसाची मजुरी, सोबतीला माणूस, यांमुळे तपासणी लांबणीवर पडते. पण याहून मोठा अडसर लाजेचा आहे. ‘एवढा पैसा घालून पुन्हा तशीच झालीस?’ हे एक वाक्य रुग्णास वर्षभर दवाखान्यापासून दूर ठेवू शकते. ती चोरून खाऊ लागते, वजनकाट्यावर उभी राहत नाही, आणि मधुमेह परतला हे फार उशिरा कळते. म्हणून घरच्यांनी बोल लावू नये, आग्रहाने वाढू नये आणि तपासणीच्या दिवशी स्वतः सोबत जावे. रक्तदाब, साखर व वजन यांची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात करून त्याची माहिती शल्यचिकित्सकांस दूरध्वनीवरून देता येते.

वाढ झालीच तर

तरीही वजन वाढल्यास मार्ग बंद झाला असे नाही. आहाराची फेरआखणी, कारणांचा शोध, समुपदेशन हे पहिले उपाय होत. २०२५ पासून टिर्झेपॅटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात मिळू लागली आहेत. ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. काही निवडक रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रियेचाही विचार होतो.

शस्त्रक्रियेने लाभलेली संधी टिकविणे हे एका दिवसाचे काम नसून नित्यनेमाचे आहे. नेम एखाद्या दिवशी चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा; चुकला म्हणून सोडून मात्र देऊ नये.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही विनंती.)